अकरा मराठी वाक्यं

त्या नाटकाचा एकच प्रयोग झाला. ठरले होते आठ. बाकीचे सात का झाले नाहीत, याचं खरं कारण आम्हा तिघाचौघांनाच ठाऊक आहे. ज्यांची ही गोष्ट, त्यांची लिहायची परवानगी मी वेळेवर घेऊन ठेवली होती. संमती घेतल्याशिवाय कुणाला हात लावायचा नाही, ही माझी नोकरीतली सवय. नावं मात्र कुणाचीच घालणार नाही.

मी भूलतज्ज्ञ होते. बत्तीस वर्षं लोकांना झोपवलं आणि ते परत शुद्धीवर येतायत ना, हे बघत उशाशी बसले. काळजी करण्याचा मला पगार मिळायचा. निवृत्त झाल्यावर पगार बंद झाला, काळजी चालू राहिली. ओव्हन बंद केला का, हे बघायला हायवेवरून गाडी वळवून घरी आलेली बाई आहे मी, आणि तेही एकदाच नव्हे. नवरा म्हणतो, "काळजी करायला काही नसलं, तर तू त्याचीच काळजी करतेस." चाळीस वर्षं हे ऐकतेय.

तर आमच्या ओहायोतल्या डब्लिनमध्ये, ओळखीच्या एका डॉक्टरांची मुलगी एक दिवस सकाळी घरी आली. जन्म इथलाच, वय पस्तिशीचं, आईवडील दोघंही आता नाहीत. कोलंबसमधल्या एका छोट्या थिएटरात ती नाटकं बसवते. "मावशी, आय नीड अ फेव्हर," म्हणत तिनं टेबलावर नाटकाची संहिता ठेवली. तिनंच लिहिलेलं, तीच बसवणार होती. नाटक तिच्या वडिलांवर बेतलेलं. बायको गेलेला एक म्हातारा मराठी डॉक्टर, आणि त्याला घर सोडायला लावून वृद्धाश्रमात न्यायला आलेली मुलगी. मुलीशी तो इंग्रजीत बोलतो, नसलेल्या बायकोशी मराठीत. मराठी वाक्यं अकरा. ती तिनं रोमन लिपीत, कानाला आठवली तशी लिहिली होती. वडिलांचं काम करायला इंग्लंडहून एक नट येणार होते, आणि त्यांच्याकडून ही अकरा वाक्यं मी बसवून घ्यायची होती.

"एखादा मराठी नट नाही का मिळाला?" मी विचारलं.

"मावशी, मी खूप लोकांचं ऑडिशन केलं. ही इज द वन. ट्रस्ट मी."

फोटो दाखवल्यावर माझ्या नवऱ्यानं त्यांना ताबडतोब ओळखलं. ब्रिटिश पोलिसी मालिका तो औषधाच्या गोळीसारख्या नेमानं घेतो. "अरे, हे तर दुसऱ्या भागात मरतात ते," तो म्हणाला.

पहिल्याच भेटीत मी हे त्यांना सांगून टाकलं. माझ्या पोटात काही राहत नाही. ते इतके हसले की त्यांना खुर्चीत बसावं लागलं. "तिसऱ्या भागापर्यंत जगण्याचे पैसे कुणी दिलेच नाहीत," ते म्हणाले. ते अर्थात इंग्रजीतच बोलायचे. एकाहत्तर वर्षांचे, उंच, इस्त्रीचा शर्ट, आणि आवाज असा की त्यांनी चहात साखर किती ते विचारलं तरी ऐकत राहावं. मी थिएटरमध्ये बत्तीस वर्षं काढली असं मी म्हटलं, त्यावर ते म्हणाले, "तुमचे प्रेक्षक झोपले तर तुमचं कौतुक व्हायचं, माझे झोपले तर मला काढायचे." अमेरिकन लोकांना माझा हा विनोद कधी कळत नाही. ते ऑपरेटिंग रूम म्हणतात. ऑपरेशनच्या खोलीला थिएटर म्हणणारा माणूस मला कित्येक वर्षांनी भेटला होता, आणि तेवढ्यावर आमची मैत्री झाली.

त्यांचा जन्म लेस्टरचा. आईवडील पूर्व आफ्रिकेतून आलेले गुजराती. शाळेत पोराला चिडवतील म्हणून त्यांनी घरात गुजराती बोलणं बंद केलं. एकोणिसाव्या वर्षी हे नाटकाच्या शाळेत गेले. मग रंगभूमीवर भाला धरून उभं राहणं, निरोप आणणं, तिसरा सरदार होणं. राजा एकदाच झाले, मुख्य नटाला कांजिण्या आल्या म्हणून, चार प्रयोगांपुरते. पुढे पडद्यावर दुकानदार, टॅक्सीवाले, लग्नाला विरोध करणारे बाप आणि डॉक्टर. "सव्वीस डॉक्टर केलेत मी," ते म्हणाले. "अनुभवानं तुम्हाला सीनिअर आहे." प्रत्येक सेटवर कुणीतरी येऊन हळूच सांगायचं, थोडं जास्त इंडियन करा. मग त्यांनी एक उच्चार तयार केला. तो गुजराती नव्हता, पंजाबी नव्हता, कुणाच्याच बापाचा नव्हता. त्या उच्चारावर त्यांचं घर उभं राहिलं, बहिणीचं शिक्षण झालं.

"चाळीस वर्षं मी कुठल्याच गावात न बोलली जाणारी बोली बोललो," ते मला म्हणाले. "आता एकदा तरी मला कुठल्यातरी गावचा माणूस व्हायचंय. अकराच वाक्यं आहेत, पण ती खरी हवीत. तुम्ही माझी दयामाया करू नका."

मी केली नाही. अकरा वाक्यं माझ्या आवाजात फोनवर रेकॉर्ड करून दिली. स्वयंपाकघरात बसून, संहितेतलं रोमन वाचून, एका दमात. त्यांना अर्थ आधी नको असायचा. आधी नाद, मग श्वास, मग अर्थ, अशी त्यांची पद्धत. "चहा ठेवतेस का?" दोन दिवसांत आलं. "वेळ झाली का गं?" यातल्या ळनं चार दिवस घेतले, आणि जमला तेव्हा ते दिवसभर जो भेटेल त्याला वेळ, केळं, मांजराचा मळका डोळा असं काहीही म्हणून दाखवत होते. मी ते बघून हरखले. माझ्याच मुलांना मी कधी इतक्या प्रेमानं ळ शिकवला नाही, ती खंत अशी भरून निघत होती.

एक गोष्ट तेवढी मनात टोचायची. ते मला दर दोन दिवसांनी विचारायचे, तुम्ही डब्लिनला कधीपासून आहात. मी सांगायचे, इथं मक्याची शेतं होती तेव्हापासून. ते मन लावून ऐकायचे, आणि दोन दिवसांनी पुन्हा विचारायचे. मी त्याला ब्रिटिश सभ्यता समजले. तिकडे लोक हवेबद्दलही रोज नव्यानं विचारतात असं ऐकलं होतं.

प्रयोगाला दहा दिवस होते तेव्हा एका दुपारी मी त्यांना घरी पोह्यांना बोलावलं. पोहे झाल्यावर त्यांनी आम्हाला शेवटचा प्रवेश करून दाखवला, आमच्याच पुढच्या दारात उभं राहून. म्हातारा घर सोडून निघालाय. मुलगी बाहेर गाडीत. तो रिकाम्या घराकडे वळतो, बायकोच्या खुर्चीकडे बघतो आणि निरोप घेतो. आपल्यात निघताना जातो म्हणत नाहीत, हे लेखिकेला बरोबर माहीत होतं. ते खुर्चीकडे बघत राहिले आणि अगदी हळू, थकल्या गळ्यानं म्हणाले, "येते मी."

माझे डोळे भरून आले. नवऱ्यानं रुमाल शोधला नाही. तो मला मराठीत म्हणाला, "हे बाईसारखं का बोलतायत?"

मी हसले. पण खात्री करायला उठले. संहिता काढून बघितली. तिथं रोमनमध्ये 'येते मी' असंच होतं. फोन काढून माझं रेकॉर्डिंग लावलं. माझ्या आवाजात, स्वच्छ, ठसठशीत, येते मी. घरातून बाहेर पडताना आयुष्यभर मी हेच म्हणत आले. ते माझ्या कानाला खटकणार तरी कसं? तो माणूस म्हणाला होता, ती खरी हवीत, आणि अकरातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य मीच त्याला बाईचं शिकवून ठेवलं होतं.

लेखिकेला फोन केला. ती म्हणाली, "इजंट इट द सेम वर्ड?"

"नाही गं. पुरुष येतो म्हणतो. तुझे बाबा काय म्हणायचे?"

ती म्हणाली, "मावशी, आय डोंट नो. बाबा मी उठायच्या आधी हॉस्पिटलला जायचे. ते काय म्हणायचे मी ऐकलंच नाही कधी. आई म्हणायची ते मला माहीत आहे." आणि थोड्या वेळानं, "प्लीज चेंज करा. मराठी मंडळानं चार रो घेतल्यात. लोक हसतील."

हसलेच असते. आपली माणसं चुकीच्या मराठीला हसण्याची संधी सहसा सोडत नाहीत, आणि परदेशात तर मुळीच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते परत आमच्याकडे आले. मी माफी मागितली आणि सांगितलं, एकच अक्षर बदलायचं, ते च्या जागी तो. त्यांनी लगेच म्हणून दाखवलं. येतो मी. उत्तम. मग म्हटलं, आता आधीच्या दोन वाक्यांपासून घ्या. त्यांनी घेतलं, खुर्चीकडे वळले आणि म्हणाले, येते मी. पुन्हा केलं. येते मी. मी माझ्यामागून म्हणायला लावलं की येतो, आणि प्रवेशात घातलं की येते. असं किती वेळा झालं ते मी मोजलं नाही. मी दिलेला चिवडा त्यांच्या बशीत तसाच होता. त्यांच्या वरच्या ओठावर घाम आला.

तेव्हा मी त्यांच्याकडे नट म्हणून बघायचं थांबवलं. तालमीतल्या गोष्टी एकेक करून आठवल्या. नाटकातल्या वर्तमानपत्रात, औषधांच्या खणात, चहाच्या बशीखाली त्यांनी बारीक अक्षरातल्या चिठ्ठ्या लावल्या होत्या. म्हाताऱ्याच्या घरात अशा चिठ्ठ्या असतातच, म्हणून लेखिकेनं कौतुकच केलं होतं. चार दिवस घेणारा ळ. मक्याची शेतं.

"तुमच्या लक्षात आलंय," ते म्हणाले.

"कधीपासून?" मी विचारलं.

गेल्या वर्षी लंडनमध्ये, एका नाटकाच्या दुसऱ्या आठवड्यात, ते भर प्रवेशात पुढचं वाक्य न आठवून नुसते उभे राहिले होते. समोरच्या नटानं सांभाळून घेतलं. बाहेर सांगितलं, थकवा. "डॉक्टरांनी त्याला एक नाव दिलंय," ते म्हणाले. "ते नाव तेवढं मी विसरत नाही." मग हे काम आलं. लहान थिएटर, अमेरिका, ओळखणारं कुणी नाही, आणि काम एका विसराळू म्हाताऱ्याचं. इंग्रजी वाक्यं चिठ्ठ्यांवर तगली होती. पण मराठीची अकरा, अर्थाशिवाय नुसत्या नादानं शिकलेली, ती मात्र घट्ट बसली होती. इतकी घट्ट की आता त्यातलं एक अक्षरही हलत नव्हतं.

"आठ प्रयोग," ते म्हणाले. "त्यानंतर मी गुपचूप घरी जाईन. तिला सांगू नका."

मी काय करायला हवं होतं, ते आजही मला माहीत नाही. ते माझे पेशंट नव्हते. पण त्या मुलीनं दोन वर्षं या नाटकात घातली होती, तिच्या बापाचं नाटक, आणि ते भर प्रयोगात कोसळलं असतं तर तिला तोंड दाखवायला मला जागा उरली नसती. सांगितलं असतं तर त्याच दिवशी त्यांचं काम गेलं असतं, आणि त्यांचं ते शेवटचं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. मी एकच अट घातली. मी जवळ बसणार, आणि धोका वाटला तर तिला सांगणार. त्यांनी माझा हात हातात घेतला. हात गार होता.

जवळ बसायचं कुठे, हा प्रश्न होता. इथे तालीम पक्की झाली की वाक्यं पुरवणारं कुणी नसतं, नटानं आपलं आपण निभवायचं. मी लेखिकेला म्हटलं, "आमच्याकडे विंगेत प्रॉम्प्टर असतो. आपली पद्धत आहे." खोटं नव्हतं. नागपूरला मेडिकलच्या गॅदरिंगमध्ये तीन वर्षं मी तेच केलं होतं, कारण स्टेजवर माझे पाय लटपटायचे. "आणि मराठी उच्चार सांभाळायला बरं," मी जोडलं. ती खूश झाली. "मावशी, आय लव्ह दॅट. सो ऑथेंटिक." तिच्या डोळ्यांत बघून मी हसले, आणि त्या हसण्याची मला अजून लाज वाटते.

पुढचे नऊ दिवस मी नीट जेवले नाही. संहिता पाठ केली, सगळी, इंग्रजीसुद्धा. चालताना पुटपुटायचे. नवऱ्याला हे सांगितलं नव्हतं, तरी त्यानं ओव्हनबद्दल मला एकदाही छेडलं नाही, म्हणजे त्यालाही काहीतरी कळलं असावं. आम्ही रोज सकाळी तालीम करायचो. चांगल्या दिवशी ते इतकं सुंदर करायचे की मला वाटायचं, मीच उगाच घाबरलेय. वाईट दिवशी ते चहाची बशी उचलून चिठ्ठी वाचायचे आणि बशी तशीच हातात राहायची.

प्रयोग रविवारी दुपारी दोनचा. मंडळाची माणसं एक वाजताच हजर, साड्या, जॅकेटं, अत्तर. कुणीतरी नारळ आणला होता. थिएटरच्या बाई म्हणाल्या, स्टेजवर फोडता येणार नाही, इन्शुरन्स आहे. मग तो पार्किंगमध्ये फुटपाथच्या कडेवर फोडला आणि पाणी कुणाच्यातरी नव्या टेस्लावर उडालं. मी विंगेत स्टुलावर बसले. मांडीवर संहिता, हातात छोटी बॅटरी. नाटकातल्या घराचं दार माझ्याच बाजूला होतं.

प्रॉम्प्टिंगचं एक तंत्र आहे. पूर्ण वाक्य सांगायचं नसतं. पहिला शब्द टाकायचा, आणि तोही नटाचा श्वास संपायच्या आत. श्वासाकडे लक्ष ठेवणं मला कुणी शिकवायला नको होतं. पहिल्या अंकात मी पाच वेळा शब्द टाकला, पाचही वेळा त्यांनी तो झेलला, बाहेर कुणालाही कळलं नसेल. लोक हसले, एकदा टाळ्या आल्या. मध्यंतरात ते तरतरीत होते. मला म्हणाले, "तुमची झोपलेली माणसं तुम्हाला इतका त्रास द्यायची का?"

दुसऱ्या अंकात मुलीचं काम करणारी नटी कागद घेऊन येते आणि विचारते, सही केलीत का. त्यावर त्यांचं लांबलचक इंग्रजी बोलणं होतं, या घरात काय काय झालं ते सांगणारं. ते गप्प राहिले. मी पहिला शब्द टाकला. काही नाही. पुन्हा टाकला, मोठ्यानं. त्यांनी विंगेकडे बघितलं, थेट माझ्याकडे. नटानं असं कधी करायचं नसतं. भूल चढताना शेवटच्या क्षणी माणसं असंच बघायची, आपल्याला सोडून जाऊ नका म्हणून.

इंग्रजी संपलं होतं. माझ्या तोंडून आपोआप निघालं, "चहा."

त्यांचा चेहरा बदलला. ते रिकाम्या खुर्चीकडे वळले आणि म्हणाले, "चहा ठेवतेस का?" ते वाक्य पहिल्या अंकातलं, तिथं नव्हतंच. नटी हुशार पोरगी. क्षणभर थांबून तिनं कागद खाली ठेवले आणि इंग्रजीत म्हणाली, "बाबा, ती इथं नाहीये." प्रेक्षागृहात चिडीचूप. मग मी दुसरं वाक्य टाकलं, मग तिसरं. ते एकेक घेत गेले, आणि प्रत्येक मराठी वाक्यामागून थोडं थोडं इंग्रजी आपण होऊन येत गेलं, मुलीला उत्तर म्हणून. दोन पानं गळली. एक प्रवेश उलटा झाला. पण म्हातारा उभा राहिला, त्यानं सही केली, कोट चढवला आणि तो दाराशी आला.

माझ्यापासून दोन पावलांवर. ते वळले. मी अगदी स्पष्ट म्हटलं, "येतो."

ते म्हणाले, "येते मी."

कुणी हसलं नाही. नंतर लॉबीत मंडळाच्या एका काकूंनी माझं मनगट धरून सांगितलं, "काय सुचलंय हो, शेवटी त्याच्या तोंडून बायकोच बोलते." मी मान डोलावली. लेखिका कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून उभी होती आणि रडत होती, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी स्वतःच तिला सगळं सांगितलं तेव्हा पुन्हा रडली. पण हे सगळं नंतरचं. त्याआधी दिवे गेले, पुन्हा आले, दोघांनी वाकून नमस्कार केला, आणि ते विंगेत आले.

मी त्यांना माझ्या स्टुलावर बसवलं, पाणी दिलं. सवयीनं माझी बोटं त्यांच्या नाडीवर गेली. बाहेर टाळ्या ओसरत होत्या, खुर्च्यांचे आवाज येत होते. ते पाणी प्यायले, त्यांनी रुमालानं ओठ टिपले आणि नेहमीच्या सभ्यतेनं विचारलं, "दुसऱ्या अंकाला किती वेळ आहे?"

थट्टा करतायत असं वाटलं. तोंड बघितलं. थट्टा नव्हती.

वाईट बातमी कशी सांगायची ते मी बाकीच्यांना शिकवलेलं आहे. बसून सांगायची, थोडक्यात सांगायची. बसायला जागा नव्हती, म्हणून मी जमिनीवर टेकले. "दुसरा अंक झाला," मी म्हटलं. "नाटक संपलं. तुम्ही पुरं केलंत."

त्यांनी खुर्च्यांचे आवाज ऐकले. मग मान खाली घालून कोटाच्या बटणांना हात लावला, एकेका बटणाला. "कोट घातलाय मी," ते म्हणाले. "म्हणजे मी दारापर्यंत गेलो."

"गेलात."

"बरं झालं?"

"लोक उभे राहिले."

"मग त्यातलं काहीच माझ्याकडे का नाही?" त्यांनी विचारलं. हे रागानं नव्हतं, तक्रारही नव्हती. खिशातली वस्तू सापडत नसल्यासारखं त्यांनी विचारलं. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता, कारण तो त्यांनी धरला होता.

"तुम्ही सांगा," ते म्हणाले. "तुम्ही होतात ना. सुरुवातीपासून सांगा."

मी सांगितलं. नटी कागद घेऊन कशी आली, ते खुर्चीकडे कसे वळले, पेन कसं उघडलं, कोटाची बाही पहिल्यांदा कशी चुकली. ते डोळे मिटून ऐकत होते, दुसऱ्याच कुणाच्या कामाबद्दल ऐकावं तसं, मधूनच मान हलवत. सांगत सांगत मी दारापर्यंत आले तेव्हा त्यांनी डोळे उघडले. "दारात वळलो तेव्हा माझ्या चेहऱ्यावर काय होतं?"

दार माझ्या बाजूला होतं. ते लोकांकडे वळले, तेव्हा मला त्यांची पाठ दिसली होती.